आठवड्याला समुपदेशन, रोज सकाळी योग: दोन्हीची सांगड कशी घालायची?

आठवड्यातून एकदा समुपदेशकाकडे जायचं, रोज सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये नाहीतर यूट्यूब लावून योग करायचा, आणि या दोन गोष्टींची एकमेकींशी कधी गाठ पडू द्यायची नाही, असं बऱ्याच जणांचं चाललेलं असतं. समोरच्या बाईंना गेले तीन महिने धड झोप नाही, हे योगशिक्षकांच्या गावी नसतं. शवासनात रडू येतं म्हणून याच बाई शेवटची दहा मिनिटं क्लासमधून काढता पाय घेतात, हे समुपदेशकाला कुणी सांगितलेलं नसतं. उपचार दोन्ही चालू आहेत, पण एकत्र नाहीत. एकत्र करायला फार काही लागत नाही: दोघांनाही माहीत असलेलं एक ठरवलेलं काम, आणि एक साधी वही. ते कसं करायचं ते आता पाहू.

आधी, हे कुणासाठी नाही ते. मरणाचे विचार येत असतील, कानात आवाज येत असतील, दोन-दोन रात्री झोप नसूनही अंगात भलताच उत्साह संचारला असेल, किंवा बाळंतपणानंतर बाळाबद्दल भीतिदायक विचार येत असतील, तर थेट मनोविकारतज्ज्ञाकडे जा. योगवर्गाची चौकशी नंतर. कुठे जायचं हेच सुचत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. जवळच्या माणसाचं जाणं, मोडलेलं लग्न, सुटलेली नोकरी, सतत पोखरणारी काळजी, सौम्य ते मध्यम उदासी, यांतून जाणाऱ्यांसाठी पुढचं सगळं आहे.

पहिली पायरी: शरीर तपासून घ्या, मग मनाचं मोजमाप

सतत थकवा, कशात रस नाही, वजन वाढतंय, झोप येत नाही किंवा फार येते, ही लक्षणं उदासीची आहेत तशीच थायरॉइड कमी पडल्याचीही आहेत. रक्त कमी असणं आणि बी-१२ ची कमतरता हेही असेच वेष पालटून येतात. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ आणि रक्तदाब बघून घ्या. छातीत धडधडत असेल तर ईसीजीही काढा. इथे आळस केला तर सहा महिने प्राणायाम करून शेवटी थायरॉइडची गोळी सुरू करायची वेळ येते.

मनाच्या मोजमापासाठी दोन छोट्या प्रश्नावल्या जगभर वापरल्या जातात आणि मराठीतही मिळतात. पीएचक्यू-९ उदासीसाठी, जीएडी-७ चिंतेसाठी. पहिलीत नऊ प्रश्न असतात, दुसरीत सात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला ० ते ३ गुण द्यायचे. पीएचक्यूचे जास्तीत जास्त २७ गुण होतात, जीएडीचे २१. कुठल्याही प्रश्नावलीत १० किंवा त्याहून जास्त आले तर माणसाला भेटायला हवं, ॲपवर भागणार नाही. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. हे आकडे म्हणजे निदान नव्हे. तारीख टाकून कागद जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी पायरी: माणसं निवडणं

इथे गोंधळ फार असतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. गोळ्या सुरू करणं, बदलणं, थांबवणं हे काम त्यांचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारला तर कुणाला राग यायचं कारण नाही. समुपदेशक ही पाटी मात्र आज कुणीही लावतं, चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेलेसुद्धा. म्हणून शिक्षण कुठे झालं, कोणत्या पद्धतीने काम करता, तुमच्या कामावर कुणा ज्येष्ठाची देखरेख आहे का, हे तीन प्रश्न फोनवरच विचारा. पद्धतीचं नाव ऐकून दबून जाऊ नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती तर कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना चांगली ओळखीची आहे.

योगाच्या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ ची, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ चं. योग प्रयोगशाळेत तपासून बघायची कल्पना स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामात तेव्हाच राबवली होती. पुण्यात अय्यंगारांची संस्था आहे. अशा ठिकाणी शिकलेले शिक्षक आता बऱ्याच गावांत भेटतात. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची प्रमाणपत्रंही असतात, त्यांत योगशिक्षक आणि योगोपचारक असे वेगवेगळे स्तर आहेत. तुम्हाला योगोपचारक हवा. पंचवीस जणांच्या वर्गात एकसारखी आसनं घेणारे शिक्षक कितीही चांगले असले, तरी तुमच्या श्वासाकडे बघायला त्यांना सवड नसते.

पहिल्याच भेटीत कुणी “गोळ्या बंद करा, योगाने सगळं बरं होतं” म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. “डिप्रेशन वगैरे काही नसतं, मनाचे खेळ” म्हणणाऱ्यालाही तोच नमस्कार. न विचारता अंगाला हात लावून आसन दुरुस्त करणाऱ्यांनाही स्पष्ट सांगा की आधी विचारा. ज्यांच्या वाट्याला पूर्वी काही वाईट आलं आहे, त्यांच्यासाठी ही बाब मुळीच किरकोळ नसते.

पैशांचं गणित जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि गोव्यात बांबोळीलाही बाह्यरुग्ण विभाग चालतो. नुसत्या नावाला लोक घाबरतात, पण तिथे रोज आपल्यासारखीच माणसं केसपेपर काढून रांगेत उभी असतात.

आधी काय सुरू करायचं? माझं मत स्पष्ट आहे: समुपदेशनाच्या दोन-तीन बैठका आधी, योग त्यानंतर. नक्की कशावर काम करायचं ते त्या बैठकांत ठरतं. अपवाद फक्त अशांचा, ज्यांना खोलीत बसल्यावर तोंडच उघडता येत नाही. त्यांनी श्वास आणि हालचालीपासून सुरुवात केली तरी चालेल, शब्द मागाहून येतात.

तिसरी पायरी: दोघांना मिळून एकच काम द्या

“मनःशांती हवी” हे काम नव्हे. ते मोजता येत नाही, त्यामुळे दोघेही आपापल्या वाटेने जात राहतात. काम असं हवं की झालं की नाही ते शेजाऱ्यालाही सांगता यावं.

समजा, डोंबिवलीहून दादरला नोकरीला जाणारी चाळिशीतली एक बाई आहे. आई गेली त्याला दीड वर्ष होतंय. गेले काही महिने लेडीज डब्यात गर्दी झाली की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, ‘आता मला अटॅक येणार’ असं वाटतं आणि ती ठाण्याला उतरून जाते. डॉक्टरांनी तपासलं, हृदय ठणठणीत आहे. आता तिचं काम ठरलं: धडधड सुरू झाली तरी दादरपर्यंत जायचं.

समुपदेशक ‘अटॅक येणार’ हा विचार तिच्यासोबत तपासतो. आजवर किती वेळा असं वाटलं, किती वेळा खरंच काही झालं? मग प्रवासाच्या पायऱ्या पाडतो. दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीने डोंबिवली ते दिवा, मग ठाण्यापर्यंत, मग फास्टने घाटकोपर, आणि शेवटी सकाळच्या गर्दीत दादर. या बोलण्यात आईही येतेच, कारण पहिला झटका आला तेव्हा ती आईच्या वर्षश्राद्धाच्या तयारीतून निघाली होती.

योगोपचारक तिला काय शिकवतो? मांडी घालून, डोळे मिटून, पणतीकडे बघत बसायला शिकवत नाही. लोकलमध्ये यातलं काही करता येणार नाही. तो तिला उभं राहायला शिकवतो: दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे किंचित सैल, एक हात वर, दाराच्या चौकटीला धरलेला, डोळे उघडे, आणि उच्छ्वास श्वासापेक्षा लांब. घरी स्वयंपाकघराच्या दारात रोज पाच मिनिटं. तीच ठेवण डब्यात कडी धरून उभं राहिल्यावर शरीराच्या ओळखीची असते.

आता एक नाजूक गोष्ट, जी दोघं एकमेकांशी बोलत नसतील तर हमखास चुकते. लांब उच्छ्वास ही कुबडीसुद्धा होऊ शकते. ‘श्वास मोजला म्हणूनच वाचले, नाहीतर काही खरं नव्हतं’ असं मनात बसलं तर मूळ भीती जागेवरच राहते. म्हणून काही प्रवासांत समुपदेशक मुद्दाम सांगतो, आज श्वास मोजायचा नाही, धडधड होऊ दे, ती आपोआप उतरते का ते बघ. हे योगोपचारकाला माहीत नसेल तर तो नेमका त्याच आठवड्यात ‘श्वास मोजणं सोडू नकोस, सराव वाढव’ म्हणणार. दोघांनी महिन्यातून एकदा फोनवर बोलावं यासाठी लेखी संमती द्या, आणि काय सांगायचं, काय नाही, हे तुम्ही ठरवा. आई-वडिलांच्या भांडणांचा तपशील योगशिक्षकाला कळायची गरज नाही. झोप, भीतीचे प्रसंग आणि चालू औषधं एवढं पुरतं.

चौथी पायरी: रोजची वीस मिनिटं

वेळ कुठलीही चालेल, पोट रिकामं हवं. जेवणानंतर तीन तास तरी जाऊ द्या. वन बीएचकेमध्ये निवांत कोपरा मिळणं हा स्वतंत्र प्रश्न आहे. गॅलरी, गच्ची, सगळे उठायच्या आधीचं स्वयंपाकघर, जे मिळेल ते घ्या, पण वीस मिनिटं दार लोटलेलं असेल एवढं घरच्यांना सांगून ठेवा.

सुरुवातीला दोन मिनिटं नुसतं बसा आणि आतली घालमेल ० ते १० मध्ये किती आहे तो आकडा मनात धरा. मग आठ-दहा मिनिटं हालचाल. इथे स्वभावाप्रमाणे नाही, त्या दिवशीच्या अवस्थेप्रमाणे निवड करायची. अंग जड झालंय, उठवत नाही, अशा दिवशी उभ्याची आसनं आणि झेपतील तेवढे सूर्यनमस्कार, जरा चपळाईने. पडून करायची आसनं अशा दिवशी टाळा. उदास माणूस आडवा झाला की विचारांचं दळण सुरू होतं. उलट, काळजीने जीव टांगणीला लागलाय अशा दिवशीही थेट शांत बसायला जाऊ नका, ते जमत नाही आणि ‘मला योगही जमत नाही’ ही एक नवी काळजी मिळते. आधी ताडासनात श्वासाबरोबर हात वर-खाली, मार्जारासन, सेतुबंध, मग हळूहळू गती कमी.

त्यानंतर पाच मिनिटं श्वास. चार आकड्यांत घ्या, सहा आकड्यांत सोडा. सेकंदाचा एक आकडा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. उच्छ्वास लांबला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती उतरते, हे आज मोजून दाखवता येतं. पतंजलींनी योगसूत्रांत विक्षेपाचे, म्हणजे मन विचलित होण्याचे, सोबती सांगताना दुःख आणि दौर्मनस्याच्या शेजारी अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वासोच्छ्वास बसवला आहे. पहिल्या पादातलं एकतिसावं सूत्र. मन बिघडलं की शरीर आणि श्वास बिघडतो, ही जोडी त्यांनीच जुळवून ठेवली आहे. शेवटी भ्रामरीची पाच-सात आवर्तनं. ओंकार तुमच्या श्रद्धेत बसत नसेल तर नुसता भुंग्यासारखा गुंजारव करा, काही बिघडत नाही.

टीव्हीमुळे घराघरांत पोहोचलेली कपालभाती पहिल्या महिन्यात नको. भस्त्रिका नको, श्वास रोखून धरणं नको. जोरजोरात श्वास घेतला की हाताला मुंग्या, चक्कर, धडधड होते, आणि घाबरण्याचे झटके येणाऱ्याला ती अगदी झटक्यासारखीच वाटते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांत तर पहिल्या महिन्यानंतरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

शवासनाबद्दल एक सूचना. अत्याचार, अपघात, मारहाण यांतून गेलेल्या माणसाला डोळे मिटून, उताणं, निश्चल पडणं भयंकर वाटू शकतं. जुना प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो. मग भिंतीला पाठ टेकून बसा, डोळे अर्धवट उघडे ठेवा, दार दिसेल अशी जागा घ्या. कुशीवर झोपलात तरी चालेल. तरीही काही उसळून आलंच, तर तळपाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, पाणी प्या, आणि त्या दिवशी तिथेच थांबा.

आसन करताना रडू आलं तर येऊ द्या. पण ‘कमरेत साठलेलं दुःख बाहेर पडलं’ असली स्पष्टीकरणं मला पटत नाहीत, त्यांना भक्कम आधारही नाही. स्नायूंत दुःखाची पोती रचलेली नसतात. दिवसभर धावपळीत दाबून ठेवलेली गोष्ट शरीर थांबल्यावर वर येते, एवढं पुरेसं आहे. ती काय होती, हे मात्र वहीत लिहा.

पाचवी पायरी: वही

साधी शंभर पानी वही. रोज चार ओळी, त्याहून जास्त लिहायला गेलात तर आठवड्याभरात बंद पडेल. वरच्या उदाहरणातल्या बाईचं एक पान असं दिसेल:

“मंगळवार. झोप पाच तास, तीनला जाग. सरावाआधी घालमेल ७, नंतर ४. सेतुबंधात घसा दाटून आला, आईची गोधडी आठवली. संध्याकाळी कळव्याला धडधड, उतरले नाही, दिव्यापर्यंत कमी झाली.”

या चार ओळींत समुपदेशकाला पुढच्या बैठकीचा विषय मिळतो: गोधडी. योगोपचारकाला कळतं की सेतुबंध सध्या जपून घ्यायचा. पहाटे तीनची जाग आठवडाभर तशीच राहिली तर डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे, कारण पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणं हे उदासीचं जुनं लक्षण.

घरात वही कुणी वाचेल अशी भीती असेल तर फोनमध्ये लिहा, पासवर्ड टाका.

बैठकीचा दिवस

समुपदेशनाच्या दिवशी सकाळचा सराव हलका ठेवा. बैठकीला दहा मिनिटं आधी पोहोचा आणि बाहेरच्या खुर्चीवर लांब उच्छ्वासाचे काही श्वास घ्या. रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून झालेला वाद तरी डोक्यातून उतरेल. बैठकीनंतर लगेच ऑफिसची मीटिंग लावू नका. अर्धा तास चाला. खोलवरचं काही बोलून झालं असेल तर त्या रात्री झोप थोडी बिघडू शकते, दोन दिवस जास्त हळवं वाटू शकतं. दोन दिवसांनी ओसरत नसेल तर पुढच्या आठवड्याची वाट न बघता फोन करा.

बैठकीत बोलताना घसा आवळला, खांदे वर चढले, तर तसं मोठ्याने सांगा. चांगला समुपदेशक तिथेच थांबून विचारतो, “आत्ता काय बोलत होतात तुम्ही?” शरीराने दिलेली ही सूचना ओळखण्याची सवय लागते ती सकाळच्या वीस मिनिटांत.

गोळ्या चालू असतील तर

समुपदेशन आणि योग चालू असताना गोळ्याही चालू असणं यात कमीपणा नाही. नैराश्याच्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि नेमकं त्याच सुमारास योगही अंगवळणी पडतो. मग माणूस म्हणतो, “योगाने बरं वाटतंय, गोळ्या सोडतो.” डॉक्टरांना न विचारता सोडू नका. काही औषधांनी उभं राहताना रक्तदाब खाली येतो, म्हणून पुढे वाकायच्या आसनांतून सावकाश वर या.

लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी तर शंखप्रक्षालन (मिठाचं पाणी पिऊन पोट धुऊन काढणं), कडक उपास, भर उन्हात घाम गाळणं हे सगळं बाजूला ठेवायचं. शरीरातलं पाणी आणि मीठ वर-खाली झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण बदलतं आणि वाढलं तर विषबाधा होऊ शकते. शुद्धिक्रियांच्या शिबिराचा फॉर्म भरताना हे कुणी विचारत नाही, तुम्हीच सांगायचं.

खर्चाच्या बाबतीत एवढं लक्षात असू द्या की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची सोय करायला सांगितलं आहे. तुमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च धरला आहे का, ते मात्र वाचून बघा.

घरचे काय म्हणतील

“योग करतेस ना, मग त्या बाईंकडे दर आठवड्याला पैसे कशाला घालवतेस?” हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतं. पुरुषांच्या बाबतीत उलट होतं, योगवर्ग कौतुकाचा आणि समुपदेशन लपवण्याचं. वाद घालण्यात अर्थ नाही. “योगाने अंग सैल होतं, पण रमेशदादाशी जमिनीच्या वाटणीचं बोलायचं कसं, ते तिथे शिकते” असं काहीतरी थेट आणि खरं सांगितलं की बहुतेक सासवासुद्धा गप्प होतात. परदेशातल्या मराठी मंडळींना हा त्रास कमी, पण आपल्या भाषेत बोलता येईल असं माणूस शोधायचा जास्त. व्हिडिओवर इथल्या समुपदेशकाशी बोलता येतं. फक्त तुम्ही राहता त्या देशातल्या तातडीच्या मदतीचा नंबर आणि जवळच्या एका माणसाचा फोन त्याच्याकडे पहिल्याच दिवशी देऊन ठेवा.

आठ आठवड्यांनी

चौथ्या आणि आठव्या आठवड्याला तो जुना कागद काढा आणि प्रश्नावली पुन्हा भरा. पीएचक्यूमध्ये पाच किंवा अधिक गुणांची घट ही दखल घेण्याजोगी सुधारणा मानतात. आकडा जागचा हललेला नसेल तर तिन्हींपैकी काहीतरी बदलायला हवं: समुपदेशनाची पद्धत, योगाचा सराव, किंवा औषधांचा विचार. वाढला असेल तर थेट मनोविकारतज्ज्ञ. घटला असेल तर लगेच सगळं थांबवू नका. समुपदेशन आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, असं लांबवत न्या. रोजची वीस मिनिटं तशीच ठेवा. वही आठवड्यातून एकदा पुरे. वर्षश्राद्ध, परीक्षेचा निकाल, कोर्टाची तारीख असे अवघड दिवस आधीच माहीत असतात, त्यांच्या आठवडाभर आधीची एक बैठक आजच ठरवून ठेवा.